विश्वासाने सांगितलेला शब्द

२०२० सालचा उन्हाळा आठवला की आमच्या डोळ्यांपुढे चर्चच्या सभागृहातील ते एक टेबल उभे राहते. टाळेबंदीमुळे गाड्या बंद होत्या, गावातले दवाखाने अर्धेअधिक बंद होते आणि मोठ्या इस्पितळाची पायरी चढण्याची लोकांना धास्ती वाटत होती. अशा वेळी आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी पुढाकार घेतला. शहरातील दोन-तीन परिचित डॉक्टरांनी वेळ देण्याचे कबूल केले आणि आठवड्यातून दोन दिवस सकाळी सभागृहातील टेबलावर एक मोबाइल उभा करून ठेवण्यात येऊ लागला. मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण, वृद्ध माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया एकेक करून त्या मोबाइलसमोर येऊन बसत. पलीकडून डॉक्टर विचारपूस करीत आणि औषधाची चिठ्ठी फोनवर येई. एक तरुण फोन लावून देण्यास बसे, दुसरा वहीत नोंद करी: नाव, वय, आजार, औषध. ती वही आमच्या कचेरीतील टेबलावर राही. आपल्या हातून काही सत्कार्य घडत आहे याचे समाधान आम्हां सर्वांना होते, आणि ते खोटे नव्हते. कित्येकांना त्या टेबलाचा खरोखरच आधार झाला.

मात्र त्याच टेबलाशी आमच्या हातून दोन प्रमाद घडले. आज इतक्या वर्षांनी ते लिहिताना संबंधितांची परवानगी आम्ही घेतली आहे आणि कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेही आहेत. ज्या विषयावर लिहावयाचे, त्याच विषयाचा भंग लिहिताना होऊ नये, एवढे पथ्य तरी पाळले पाहिजे.

पहिला प्रमाद असा. पन्नाशी उलटलेल्या एक मावशी तीन वेळा त्या टेबलाशी येऊन गेल्या. तिन्ही वेळा त्यांनी डोकेदुखीची तक्रार सांगितली आणि तिन्ही वेळा साध्या गोळ्या घेऊन त्या घरी परतल्या. पुढे कित्येक महिन्यांनी कळले की, त्यांच्या छातीत गाठ होती आणि ती त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आम्ही इस्पितळात त्यांना भेटावयास गेलो तेव्हा राहवले नाही म्हणून विचारले, “मावशी, तेव्हाच का नाही बोललात?” त्या म्हणाल्या, “फादर, फोन धरून बसलेला पोर आमच्या शेजारचा. त्याच्यापुढं कसं बोलणार?” परमेश्वराच्या कृपेने आज त्या बऱ्या आहेत, परंतु हातचे गेलेले ते महिने त्यांच्या देहाने भरून दिले.

दुसऱ्या प्रमादाचे धनी आम्ही स्वतःच. एका तरुणाला अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, आजार होता. औषधाने तो पूर्णपणे आटोक्यात होता. त्याचे नाव, आजार आणि गोळीचे नाव त्या वहीत होते. वही चाळताना ते आमच्या वाचनात आले होते. वर्षभराने त्याची सोयरीक जमू लागली. मुलीचे वडील आमच्याकडे आले, इकडचे तिकडचे बोलले आणि मग हळूच म्हणाले, “फादर, मुलाची तब्येत-बिब्येत ठीक आहे ना?” अशा चौकशा धर्मगुरूला नवीन नसतात आणि एरवी आम्ही “हो, चांगला मुलगा आहे” असे सहज म्हणून मोकळे झालो असतो. त्या दिवशी मात्र आम्हांस ठाऊक होते. खोटे बोलवेना आणि खरे सांगण्याचा अधिकार नव्हता. आम्ही म्हणालो, “हे तुम्ही त्यालाच विचारलेलं बरं.” आपण काहीच सांगितले नाही अशी आमची समजूत होती. पाहुण्यांना जे समजायचे ते त्या एका वाक्यातून समजले. सोयरीक मोडली.

तो तरुण आमच्याकडे आला. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, “फादर, मी त्यांना सांगणारच होतो. पण सांगायचं ते माझं होतं.”

वाचकहो, ह्या एका वाक्याने आम्हांस जितके विचारात पाडले तितके अनेक ग्रंथांनीही पाडले नसेल. रुग्णाचे गुपित राखणे म्हणजे नेमके काय राखणे? आम्ही तर कोठे वाच्यता केली नव्हती. मग आमच्या हातून नेमके काय मोडले?

प्राचीनांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य असे वचन देतो की, उपचार करताना जे पाहीन वा ऐकीन आणि जे बाहेर बोलण्याजोगे नसेल, त्याविषयी मी मौन पाळीन. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दिलेल्या उपदेशात हेच आहे: रुग्णाच्या घरातील आचार व गोष्टी वैद्याने बाहेर नेऊ नयेत. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन संस्कृतींना एकच गोष्ट सुचावी, ह्यात एक मोठे सत्य आहे. आजारी माणूस आपले वस्त्र दूर करतो ते कोणी पाहावे म्हणून नव्हे. बरे व्हावे म्हणून. त्याची उघडी जखम पाहण्याचा अधिकार ती बांधणाऱ्याला आहे, आणि तोही बांधण्यापुरताच.

परंतु त्या जुन्या शपथांनी एका माणसाला बांधले होते. वैद्य घरी येई, नाडी पाही, आईबापांशी दोन शब्द बोले आणि निघून जाई. जे काही कानी पडे ते त्याच्या एकट्याच्या स्मरणात राही. आज फोनवरून डॉक्टरांशी बोलणाऱ्या रुग्णाच्या शब्दाचा प्रवास किती लांबचा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो शब्द प्रथम फोन लावून देणाऱ्या मुलाच्या कानी पडतो. मग तो ॲप चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकात जातो. तेथून चिठ्ठी औषधाच्या दुकानात जाते, रिपोर्ट प्रयोगशाळेतून येतो, पैशांची नोंद बँकेत होते, विम्याचे कागद आणखी कोठे जातात. डॉक्टर शपथेने बांधलेला आहे. बाकीच्यांनी कोणती शपथ घेतली आहे?

हा प्रश्न आता थोड्या लोकांचा राहिलेला नाही. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सेवेसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात प्रसिद्ध झाली. साधा फोन, व्हॉट्सॲप, ई-मेल, व्हिडिओ ह्यांपैकी कोणत्याही मार्गाने नोंदणीकृत डॉक्टर रुग्णाला सल्ला देऊ शकतो, हे त्यांनी स्पष्ट केले. केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्येच १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. डोंगराळ पाड्यावरील बाईला तालुक्याच्या गावी न जाता डॉक्टर दिसावा, ही लहान गोष्ट नाही. ह्या सेवेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

त्या मार्गदर्शक तत्त्वांत एक वाक्य मात्र आम्हांस अंतर्मुख करून गेले. रुग्णाची गोपनीयता राखणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे ती निःसंदिग्धपणे सांगतात. परंतु ती तंत्रातील दोषामुळे किंवा डॉक्टरखेरीज अन्य कोणामुळे भंगली असे मानण्यास सबळ कारण असेल, तर डॉक्टरला जबाबदार धरले जाणार नाही, असेही सांगतात. कायद्याच्या दृष्टीने हे रास्तच आहे. जे आपल्या हाती नाही त्याची शिक्षा डॉक्टरने का भोगावी? पण नीतीच्या दृष्टीने प्रश्न उभा राहतो तो हा की, डॉक्टर सुटला, तर मग बांधलेला कोण राहिला? ओढ्याचे पाणी दहा पाटांतून वळविले की कोणत्याच पाटाला आपण ओढा आहोत असे वाटत नाही. जबाबदारीचेही तसेच होते. फोन धरणारा म्हणतो, “मी नुसता फोन धरला”, कंपनी म्हणते, “आम्ही नुसते जोडून दिले”, आणि वही ठेवणारा धर्मगुरू म्हणतो, “मी कोणाला काही सांगितले नाही.”

आम्हां धर्मगुरूंना ह्या विषयात एक शिकवण लहानपणापासूनच्या सवयीने मिळालेली असते: प्रायश्चित्त संस्काराचे मौन. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने हे मौन मोडणाऱ्या धर्मगुरूस कठोर शिक्षा सांगितली होती. सेमिनरीत असताना १९८३ सालची कायदेसंहिता आम्ही अभ्यासली, परीक्षेत लिहिली आणि तिच्यातील दोन बारकावे जवळजवळ विसरून गेलो. त्या तरुणाच्या वाक्यानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडला तेव्हा ते नव्याने दिसले.

पहिला बारकावा कलम ९८३ मध्ये आहे. मौनाचे बंधन धर्मगुरूपुरतेच नाही. पापनिवेदनासाठी कोणी दुभाषा लागला तर तोही, आणि अन्य कोणत्याही प्रकारे ते ज्याच्या कानी पडेल तो प्रत्येक जण गुप्ततेने बांधलेला आहे. फोन धरून बसलेला आमचा तरुण म्हणजे तो दुभाषाच नव्हे काय? शब्द ज्या ज्या हातांतून जातो ते सर्व हात त्या शब्दाने बांधले जातात. केवळ शेवटचा हात नव्हे.

दुसरा बारकावा कलम ९८४ मध्ये आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. पापनिवेदनातून मिळालेले ज्ञान, ते उघड होण्याचा यत्किंचितही धोका नसला तरी, त्या व्यक्तीच्या अहितासाठी वापरण्यास धर्मगुरूला पूर्ण बंदी आहे. इतकेच नव्हे, तर अधिकारपदावरील व्यक्तीने ते ज्ञान कारभारातही वापरावयाचे नाही. म्हणजे मौन दोन प्रकारचे असते. एक जिभेचे, दुसरे हाताचे. ‘मी बोललो नाही’ एवढ्याने कर्तव्य संपत नाही. ‘मी वापरले नाही’ हेही म्हणता आले पाहिजे.

येथे घाई करून चालणार नाही. रुग्ण म्हणजे पापनिवेदन करणारा नव्हे आणि दवाखाना म्हणजे संस्कार नव्हे. डॉक्टरने लिहून ठेवलेच पाहिजे, दुसऱ्या डॉक्टरला सांगितलेच पाहिजे. न लिहिल्यास उद्या चुकीचे औषध दिले जाईल. धर्मशिक्षणग्रंथाचा २४९१ वा परिच्छेदसुद्धा व्यावसायिक गुपितांबद्दल बोलताना डॉक्टरांचा नामनिर्देश करतो आणि एक अपवाद मान्य करतो: गुपित राखल्याने अतिशय गंभीर हानी होणार असेल आणि ती दुसऱ्या मार्गाने टाळता येत नसेल, तर ते सांगता येते. तेव्हा त्या संस्काराचे नियम उचलून दवाखान्यात लावावेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यामागील विवेक मात्र दोन्हीकडे एकच आहे. जो शब्द ज्या हेतूने दिला, तो त्याच हेतूला बांधलेला राहतो.

ह्या कसोटीवर अलीकडील दोन घटना घासून पाहू.

फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ नावाची मानसोपचार केंद्रांची एक संस्था होती. देशभर तिच्या शाखा होत्या आणि रुग्णांनी उपचारकांसमोर मन मोकळे करून सांगितलेल्या गोष्टींची टिपणे तिच्या संगणकीय साठ्यात एकत्र ठेवली जात. त्या साठ्याला पुरेसे संरक्षण नव्हते आणि टिपणे सांकेतिक लिपीत झाकलेलीही नव्हती. २०१८ साली चोर आत शिरला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याने संस्थेकडे खंडणी मागितली, आणि ती मिळेना तेव्हा रुग्णांकडे वळला. प्रत्येकाला स्वतंत्र संदेश गेला: २०० युरो द्या, नाहीतर तुमची टिपणे सर्वांसमोर मांडतो. असे सुमारे ३३,००० रुग्ण ह्या चोरीत सापडले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील खालच्या न्यायालयाने एका तरुणास सहा वर्षे तीन महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. संस्थेचे दिवाळे तर २०२१ सालीच निघाले होते. येथे गुन्हेगार कोण हे उघड आहे. पण दार लोटून ठेवणारा निरपराध म्हणता येईल काय? दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना आपण खिडकीत ठेवला आणि तो चोरीस गेला, तर आपली मान खाली जाते. येथे तर दागिन्यापेक्षा मोलाची वस्तू होती. सोने परत करता येते. एकदा उघड झालेले मन परत झाकता येत नाही.

दुसरी घटना अमेरिकेतील आहे, आणि आमच्या मते ती अधिक बोधप्रद आहे, कारण तीत चोर नाही. ‘बेटरहेल्प’ ही कंपनी इंटरनेटद्वारे घरबसल्या मानसिक समुपदेशन देते. येणाऱ्याने प्रथम एक प्रश्नावली भरावयाची आणि ती खासगी राहील असे आश्वासन त्याला दिलेले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली असा आरोप ठेवला की, कंपनीने ह्या लोकांचे ई-मेल पत्ते आणि प्रश्नावलीतील काही माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदी कंपन्यांना पुरविली. कंपनीने दोष कबूल न करता ७८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले आणि हे प्रकरण मिटले. आरोपाचा रोख पाहण्यासारखा आहे. समुपदेशकाशी झालेले संभाषण चव्हाट्यावर आले, असे कोणी म्हटले नाही. दुःखी माणूस दार ठोठावण्यास आला आणि त्याच्या येण्याचाच व्यापार झाला, असा तो आरोप आहे. जीभ गप्प राहिली. हात गप्प राहिला नाही.

आता आमची वही आठवा. आम्हीही बोललो नव्हतो. पण औषधासाठी दिलेली माहिती सोयरिकीच्या चौकशीत आमच्या मनात हजर होती आणि आमच्या उत्तराला तिने वळण दिले. फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही.

कायदाही हळूहळू ह्याच विचाराकडे येत आहे. खासगीपणा हा जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्याच वर्षी एचआयव्हीग्रस्तांसाठी झालेल्या कायद्याने त्यांच्या संमतीवाचून त्यांचा आजार उघड करण्यास मनाई केली. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ह्या कायद्यात संमतीचा अर्थ समजावून देताना योजलेले उदाहरण आमच्याच विषयातील आहे. एक बाई दूरस्थ उपचाराचे ॲप घेते. ॲप तिच्याकडे दोन गोष्टींची परवानगी मागते: उपचारासाठी तिची माहिती वापरण्याची आणि तिच्या मोबाइलमधील सर्वांचे फोन क्रमांक पाहण्याची. ती दोन्हींना ‘हो’ म्हणते. कायदा म्हणतो, उपचाराला फोन क्रमांकांची यादी लागत नाही. तेव्हा तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल. किती शहाणपणाचे उदाहरण आहे! आजारी माणसाचा होकार हा अडलेल्याचा होकार असतो. तो न वाचता बटण दाबतो, कारण त्याचे पोट दुखत असते. अडलेल्याच्या होकारातून आपल्या सोयीचा अर्थ काढू नये, हे साधे सौजन्य कायद्याने लिहून ठेवले आहे.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप: “फादर, गरिबाला डॉक्टर मिळण्याची मारामार, आणि तुम्ही गोपनीयतेच्या गोष्टी करता! आधी उपचार, मग बाकी सारे.” आम्हीही २०२० साली असेच म्हटले असते. पण मावशींच्या बाबतीत उपचार कोठे अडला? डॉक्टर होता, फोन होता, औषधही फुकट मिळाले असते. एक आडोसा तेवढा नव्हता, म्हणून बाकीचे सर्व व्यर्थ गेले. आडोसा हा उपचारावरील साज नाही. उपचाराचेच ते पहिले पाऊल आहे. जेथे शब्द सुरक्षित नाही तेथे माणूस खरे बोलत नाही, आणि जेथे तो खरे बोलत नाही तेथे उत्तमातील उत्तम डॉक्टरही अंधारात चाचपडतो. शिवाय, श्रीमंताला स्वतंत्र खोली मिळते. गरिबाच्या लाजेला मात्र किंमत नाही असे मानणे ही कसली सेवा?

दुसरा आक्षेप समाजहिताचा आहे. सर्व आजार झाकून ठेवले तर साथी कशा आवरणार? ह्यात तथ्य आहे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाला कळविणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्या नोंदीमुळे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. पण शासनाला कळविणे वेगळे आणि आळीला कळविणे वेगळे. कोविडच्या दिवसांत अनेक ठिकाणी रुग्णांच्या दारांवर फलक लागले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश दिल्यावाचून असे फलक लावू नयेत. त्या फलकांनी साथ किती आवरली हे सांगणे कठीण. शेजारधर्म मात्र कित्येक ठिकाणी आवरता घेतला गेला. ज्यांच्या दारावर तो कागद होता त्यांच्या ओट्यावर दुधाची पिशवी ठेवायलाही लोक कचरत, हे आपण पाहिले आहे. समाजहिताच्या नावाने माहिती मागणाऱ्याला म्हणून एक प्रश्न विचारावा: ही माहिती ह्या माणसाच्या मदतीला जाणार आहे, की त्याच्या अंगावर?

कंपन्यांना आणि शासनाला उपदेश करणे सोपे आहे. त्यांचे कान आपल्यापासून दूर असतात. आपले घर जवळ आहे. घरातील वृद्धाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आधी जातो आणि त्या वृद्धाला मागाहून कळतो. सुनेच्या उपचाराच्या फाइलचा फोटो नणंदेकडून मावशीकडे पोहोचतो. डॉक्टरांच्या ॲपचा पासवर्ड सर्व घराला पाठ असतो, कारण तो नातवाच्या जन्मतारखेचा असतो. “प्रार्थना करा” असे लिहून आपण कोणाच्या कर्करोगाची बातमी दोनशे माणसांना देतो. ह्यात दुष्टावा नसतो, बहुधा प्रेमच असते. आम्हीही वेदीवरून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नावासोबत आजार सांगत आलो. जणू परमेश्वराला निदान कळविल्यावाचून त्याला बरे करता येणार नव्हते!

मार्कच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला प्रभूकडे आणल्याची कथा आहे. प्रभू त्याला लोकांच्या घोळक्यातून बाजूला, एकांतात नेतो आणि मगच त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श करतो. ही कथा आम्ही अनेकदा वाचली, तिच्यावर प्रवचने केली, आणि नेहमी चमत्काराविषयीच बोललो. त्या बाजूला नेण्याविषयी कधी बोललो नाही.

आमच्या धर्मग्रामातील ते टेबल आजही आहे. टाळेबंदी संपली, पण शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचणे वृद्धांना अजूनही जड जाते. टेबल आता सभागृहात नाही. मागच्या लहान खोलीत आहे आणि खोलीला दार आहे. स्वयंसेवक फोन लावून देतो, डॉक्टर व रुग्ण एकमेकांना दिसले की बाहेर येऊन बसतो. ज्यांना कोणी सोबत हवे, ते कोण हवे हे स्वतः सांगतात. चिठ्ठी रुग्णाच्या किंवा तो म्हणेल त्याच्याच फोनवर जाते. आमच्या फोनवर राहत नाही. मदत करणाऱ्या तरुणांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, “येथे जे कानावर पडेल ते तुमचे नव्हे.” आणि आता नोंदवहीत आम्ही फक्त किती जण आले तो आकडा लिहितो. नोंद ठेवण्याचे काम डॉक्टरांचे आहे, ते ती ठेवतात. आम्हांला आजारांची नावे कधी लागतच नव्हती. केवळ रकाना आखला होता म्हणून आम्ही तो भरीत गेलो.

हाच आम्हांस मिळालेला धडा आहे. राखण्याची खरी सुरुवात कुलपापासून होत नाही, ती न मागण्यापासून होते. मुलीच्या वडिलांसमोर आमची जी कुचंबणा झाली, ती आमच्या मौनाच्या कमजोरीमुळे झाली नाही. जे आम्हांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते, ते ठाऊक असल्यामुळे झाली.

जुन्या वहीचे काय करावे याचा विचार आम्ही बरेच दिवस केला. शेवटी त्या तरुणालाच बोलावले. त्याने आपले पान पाहिले, काही बोलला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून सारी पाने फाडली आणि चर्चच्या मागे, जेथे जुने झावळीचे रविवार साजरे झाल्यावरची सुकलेली झापे जाळतो, तेथे ती जाळली. त्याचे लग्न पुढे झाले. त्या मुलीला त्याने पहिल्याच भेटीत आपल्या आजाराविषयी सांगितले होते. ते त्याचे होते, आणि त्याने ते दिले.